बाळाची बॅग कशी निवडावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळाला घेऊन बाहेर पडलेल्या माणसाचा एकच हात मोकळा असतो. बॅग त्या एका हाताने उघडता, धुंडाळता आणि बंद करता आली पाहिजे. खालची बहुतेक उत्तरं याच कसोटीवर दिली आहेत. ती मुख्यतः जन्मापासून सहा महिन्यांपर्यंतच्या बाळासाठी आहेत. त्यापुढचं शेवटी आहे.

खास डायपर बॅगच घ्यायला हवी का? घरात सॅक आहे.

सॅक चालते, पण तीन गोष्टी बघा. तोंड रुंद उघडतं का, आतलं अस्तर फिक्या रंगाचं आणि पुसता येणारं आहे का, आणि बाहेरून हात घालता येतील असे निदान दोन कप्पे आहेत का. कॉलेजच्या सॅकची चेन साधारण अर्ध्यापर्यंतच उघडते आणि सामान एकावर एक रचलं जातं. तळाशी गेलेलं झबलं काढायला सगळं बाहेर घ्यावं लागतं, आणि तेवढ्यात बाळ रडून लाल होतं. तोंड मोठं असेल तर त्याच सॅकमध्ये तीन-चार वेगवेगळ्या रंगांचे बटवे ठेवा आणि नव्या बॅगेचे पैसे वाचवा.

नवीन घ्यायचीच असेल तर हजार-दीड हजार रुपयांत कामाची बॅग मिळते. त्यावरचे पैसे बरेचदा दिसण्याचे असतात.

किती मोठी घ्यावी?

१८ ते २२ लिटर. दुकानात मोठी बॅग बघून 'असू दे, पुढेही उपयोगी पडेल' असं वाटतं, पण रिकामी जागा भरली जातेच. ३० लिटरच्या बॅगेत चार तासांच्या कामासाठी दोन दिवसांचं सामान जातं आणि ते कोणाला तरी उचलावं लागतं.

लिटरपेक्षाही रिकाम्या बॅगेचं वजन महत्त्वाचं आहे. ते ९०० ग्रॅमच्या आत असावं. जाड फोम, धातूच्या कड्या आणि रेक्झिनच्या पट्ट्या असलेली बॅग रिकामीच सव्वा किलोच्या पुढे जाते. सामानासकट एकूण वजन साडेतीन किलोच्या आसपास ठेवा. सिझेरियन झालेल्या आईला पहिले सहा आठवडे बाळाच्या वजनापेक्षा जड काही उचलू नये असं सांगितलेलं असतं. तेव्हा बाळ तिच्याकडे आणि बॅग दुसऱ्या कोणाकडे, हे घरातून निघण्याआधीच ठरवा.

पाठीवरची बरी की खांद्यावरची?

पाठीवरची. खांद्यावरची बॅग बाळाला पाजायला वाकलं की घसरून पुढे येते, आणि एकाच खांद्यावर वजन आल्याने मान आखडते. बाळंतपणानंतर बाळाला उचलून, मान वाकवून पाजून तिथले स्नायू आधीच थकलेले असतात. पाठीवरच्या बॅगेला वरती जाड मूठ हवी, म्हणजे रिक्षात बसताना ती काढून पायाशी ठेवता येते. पट्टे झटकन लहान-मोठे होणारे हवेत, कारण ती आई, बाबा आणि आजी असे सगळेच उचलणार.

खांद्यावरची बॅग चालते ती गाडीने जाणाऱ्यांना, किंवा जवळच आईकडे जाऊन यायचं असेल तर. लोकलने प्रवास असेल तर तिचा विचारही करू नका. गर्दीत सॅक छातीवर घेता येते, झोळा घेता येत नाही. मात्र बाळ कॅरियरमध्ये छातीवर असेल तर सॅकचे पट्टे कॅरियरच्या पट्ट्यांवर येतात आणि खांद्याला काचतात. दोन्ही एकदा घरात घालून बघा.

कापड कोणतं?

आतून लेप दिलेलं पॉलिस्टर. हलकं असतं, पुसता येतं, धुता येतं, लवकर वाळतं. जाडी ३०० डी किंवा ६०० डी अशी लिहिलेली असते (डी म्हणजे डेनिअर, धाग्याच्या जाडीचं माप). ६०० डी जास्त टिकतं पण थोडं जड होतं. रोजच्या वापराला ३०० डी पुरतं.

कॅनव्हास दिसायला छान, पण दूध सांडलं की शोषून घेतं आणि पावसाळ्यात दोन-दोन दिवस ओलं राहतं. रेक्झिन, म्हणजे लेदरसारखं दिसणारं कापड, मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत घेऊच नका. त्यावरचा पॉलियुरेथेनचा (एक प्रकारच्या प्लास्टिकचा) थर हवेतल्या ओलाव्याने हळूहळू विघटित होतो. मग त्याचे पापुद्रे सुटून बाळाच्या दुपट्याला चिकटतात. बॅग न वापरता कपाटात ठेवली तरी हे होतं.

चेन आणि शिलाई कशी तपासायची?

बॅगा बहुतेक याच दोन ठिकाणी मोडतात. मुख्य चेन रुंद, निदान पाच नंबरची हवी. ती दुहेरी रनरची असेल तर कोणत्याही बाजूने उघडता येते. दुकानात एका हाताने, बॅग न धरता, चेन कोपऱ्यावरून फिरवून बघा. कोपऱ्यात अडकत असेल तर ती बॅग सोडून द्या. बाळ कडेवर असताना ती रोज अडकणार.

पट्टा बॅगेला जिथे शिवला आहे तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी टाक्यांची रचना दिसायला हवी. नुसती एकेरी सरळ शिलाई तीन किलोंच्या वजनाला काही महिन्यांत उसवते. बॅग आत-बाहेर उलटून शिवणींच्या कडा बघा. त्यांवर पट्टी लावलेली असेल तर दोरे निघत नाहीत.

घरातून निघताना तीन किलोचं सामान सोबत न्या, डाळ-तांदळाची पाकिटं चालतील, आणि ती बॅगेत भरून पट्टे खेचून बघा. दुकानदाराला यात वावगं वाटण्याचं कारण नाही. खाली ठेवल्यावर बॅग उभी राहते का, तेही याच वेळी कळेल. कलंडणारी बॅग दवाखान्याच्या फरशीवर आतलं सगळं पसरते.

ऑनलाइन घेत असाल तर वजन ग्रॅममध्ये दिलं आहे का आणि परत करण्याची मुदत किती, हे आधी वाचा. अभिप्रायांमध्ये चार-सहा महिने वापरलेल्यांचे फोटो शोधा. पहिल्या दिवशी सगळ्याच बॅगा चांगल्या दिसतात.

कप्पे किती असावेत?

जाहिरातीत १५, १८ असे आकडे दिलेले असतात. ते सोडून द्या. कप्पे जास्त झाले की कोणत्या कप्प्यात काय आहे हे फक्त बॅग भरणाऱ्यालाच माहीत असतं, आणि बाबांना प्रत्येक वेळी फोन करावा लागतो. पाच पुरेत: मुख्य मोठा कप्पा, बाहेरून चटकन हाताला येणारा एक (वाइप्स आणि एक डायपर), बाटलीसाठी बाजूचा, पैसे-किल्ल्या-कागदांसाठी पाठीला चिकटलेला चेनवाला, आणि घाणेरड्या कपड्यांसाठी वेगळा.

हा शेवटचा नसेल तर बाकीचे कितीही असले तरी बॅग अपुरी आहे. शीचं झबलं आणि स्वच्छ दुपटं एकाच कप्प्यात जाता कामा नये. बॅगेत असा कप्पा नसेल तर पाणी न झिरपणाऱ्या कापडाची चेनवाली पिशवी वेगळी घ्या. साधी प्लास्टिकची पिशवी तात्पुरती चालते, पण ती फाटते, वास बाहेर येतो, आणि बाळाच्या हाती लागली तर नाकातोंडावर बसून गुदमरण्याचा धोका असतो.

चार तासांसाठी बाहेर जाताना बॅगेत नेमकं काय भरायचं?

पहिल्या दोन महिन्यांच्या बाळासाठी:

– डायपर ४ (दर दोन-अडीच तासांना एक, अधिक दोन जादा)
– वाइप्सचं लहान पाकीट, किंवा मऊ सुती फडकी ६ आणि पाण्याची १०० मिलीची बाटली
– गादीवर पसरायचं मेणकापड १, निदान ५० × ७० सेंटिमीटर
– दुपटी २, झबली २, टोपडं १, पातळ पायमोजे १ जोड
– झिंक ऑक्साइडच्या मलमाची लहान ट्यूब
– ओल्या कपड्यांची पिशवी १, डायपर गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रं
– आईसाठी एक जादा कुर्ता किंवा ओढणी, पाणी आणि खाऊ

आईचा कपडा लोक विसरतात आणि नेमका तोच लागतो. बाळ दूध ओकतं ते तिच्या खांद्यावर.

वाइप्सचं ७२ चं मोठं पाकीट बॅगेत घालू नका. ते जड असतं, आणि उन्हात तापलेल्या गाडीत राहिलं की झाकण नीट न लागल्यामुळे सुकून जातं. त्यातले पंधरा-वीस काढून चेनवाल्या छोट्या पाऊचमध्ये घ्या. पावडरचा डबा घरीच ठेवा. बारीक पावडर उडून बाळाच्या श्वासात जाते आणि ती लावण्याची गरजही नसते.

आता एक सवय, जी आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते. दोन डायपर, वाइप्सचं पाऊच, मेणकापड, मलम आणि एक वर्तमानपत्र हे एका वेगळ्या बटव्यात ठेवा. बाळाला बदलायला जाताना फक्त तो बटवा उचला. अख्खी बॅग शौचालयाच्या ओल्या फरशीवर ठेवण्याची वेळ येत नाही. आणि घरी आल्याबरोबर, हातपाय धुण्याच्या आधी, तो बटवा पुन्हा भरा.

आम्ही कापडी लंगोट वापरतो. मग?

साध्या सुती लंगोटात बाळ एकदा शू करतं की तो बदलावा लागतो, आणि नवजात बाळ दिवसातून पंधरा-वीस वेळाही शू करतं. चार तासांसाठी सात-आठ लंगोट आणि तेवढीच दुपटी भिजण्याची तयारी ठेवावी लागते. त्यामुळे घरी लंगोट आणि बाहेर शोषक पट्टी असलेला कापडी डायपर, अशी वाटणी बरीच घरं करतात. कापडी डायपर तीन घेतले तर चार तास निघतात. ओल्या कपड्यांची पिशवी मात्र दोन घ्या: एक शूच्या कपड्यांना, एक शीच्या. आणि त्या रात्रभर बॅगेत राहू देऊ नका. बंद पिशवीतला वास कापडात बसतो आणि कितीही धुतलं तरी जात नाही.

बाटलीचा गरम-थंड कप्पा खरंच काम करतो का?

थोडंसं. तिथे तीन-चार मिलिमीटरचा फोम आणि चकचकीत पत्र्यासारखा पापुद्रा असतो. तो तापमान बदलण्याचा वेग कमी करतो. गरम ठेवायला स्टीलचा थर्मासच लागतो आणि थंड ठेवायला बर्फाचे पॅक.

आईचं काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं. पण विदर्भात किंवा मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यात घरातच ३५ अंशांच्या पुढे तापमान जातं, तेव्हा चार तासांचा हा हिशोब धरू नका. गोठवलेल्या बर्फाच्या पॅकसह जाड इन्सुलेटेड पेटीत ते २४ तासांपर्यंत ठेवता येतं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून पावडरचं दूध देत असाल तर ते घरून तयार करून नेऊ नका. कोमट दुधात जंतू झपाट्याने वाढतात, आणि 'गरम' कप्पा ते नेमकं कोमटच ठेवतो. मोजलेली पावडर कोरड्या डबीत, आणि नुकतं उकळलेलं पाणी थर्मासमध्ये न्या. दूध करताना पाणी निदान ७० अंश हवं. बाटली नळाच्या पाण्याखाली धरून निववा आणि मनगटावर थेंब टाकून बघा. केलेलं दूध दोन तासांत संपवा. बाळाने तोंड लावलेलं उरलं तर टाकून द्या.

निव्वळ अंगावरचं दूध पिणाऱ्या बाळाला सहा महिन्यांपर्यंत पाणीही लागत नाही. त्यांच्या बॅगेत या कप्प्याचं काही काम नाही, तिथे टोपडं-मोजे ठेवा.

बाहेर बाळाला कुठे आणि कसं बदलायचं?

एसटीच्या अनेक बसस्थानकांवर आणि सरकारी कार्यालयांत हिरकणी कक्ष आहेत. ते मुख्यतः बाळाला पाजण्यासाठी आहेत. तिथे बाकडं मिळतं, बदलायचं टेबल असेलच असं धरू नका. म्हणून मेणकापड स्वतःचं हवं. बॅगेबरोबर मिळणारी चटई बरेचदा इतकी अरुंद असते की बाळाने पाय झटकले की टाच बाहेर जाते.

मेणकापडाची एक बाजू कायम जमिनीकडची ठरवा आणि तिच्या कोपऱ्यावर मार्करने खूण करा. वरच्या बाजूवर दुपटं पसरा, कारण थंड प्लास्टिकला पाठ टेकताच बाळ दचकतं. बाळाला ठेवण्याआधी नवं डायपर उघडून ठेवा आणि वाइप्स काढून ठेवा. एक हात कायम बाळाच्या पोटावर. मुलीला पुढून मागे पुसायचं. पुसल्यावर जागा हवेत क्षणभर वाळू द्या, मग मलम. नाळ पडली नसेल तर डायपरची वरची कड दुमडून नाळेच्या खाली घ्या. शेवटी हात साबणाने धुवा. पाणी नसेल तरच सॅनिटायझर.

वापरलेलं डायपर कुठे टाकायचं?

शी शौचालयात टाका, डायपर घट्ट गुंडाळून त्याच्याच चिकटपट्टीने बंद करा, मग वर्तमानपत्रात गुंडाळा. घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ मध्ये डायपर असंच गुंडाळून द्यायला सांगितलं होतं, आणि त्यासाठीच्या पिशव्या देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली होती. पुण्यात कचरावेचकांच्या संघटनेने अशा पुडीवर लाल ठिपका काढायची पद्धत सुरू केली. पुडी हाताने उघडणाऱ्या माणसाला आत काय आहे हे आधीच कळावं, हा हेतू. बॅगेत एक लाल स्केचपेन ठेवा. तुम्ही कुठेही राहत असा, त्याने कोणाचे तरी हात वाचतात.

रेल्वेच्या शौचालयात डायपर कधीही टाकू नका. जैवशौचालयाची टाकी त्याने तुंबते आणि अख्ख्या डब्याचे हाल होतात.

पावसाळ्यात काय करावं?

पाणी कापडातून कमी आणि चेनमधून व शिवणीच्या भोकांमधून जास्त शिरतं. चेनवर झाकणारी पट्टी असलेली बॅग घ्या, किंवा सॅकचं पावसाळी कव्हर घ्या. कव्हर असलं तरी आतले कपडे चेनवाल्या पिशव्यांत ठेवा. जून ते सप्टेंबर एक झबलं आणि एक दुपटं जादा.

लसीकरणाच्या दिवशी वेगळं काही?

दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींची बहुतेक इंजेक्शनं मांडीत देतात. त्या दिवशी मांडी पटकन उघडी होईल असे, पुढे बांधायचे कपडे घाला. माता व बाल संरक्षण कार्ड पाठीकडच्या चेनवाल्या कप्प्यात प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा आणि तिथून कधी हलवू नका. तापाचं औषध डॉक्टरांनी वजन बघून लिहून दिलं असेल तेच आणि तेवढंच.

सव्वा महिन्यानंतर माहेरहून सासरी जायचं आहे, आठ तासांचा प्रवास. एवढीच बॅग पुरेल का?

पुरेल, पण दोन भाग करा. बाळाची बॅग मांडीजवळ, त्यात सहा-सात डायपर आणि तीन झबली. उरलेला साठा मोठ्या सामानात. एसटीत बॅग वरच्या फळीवर टाकली की चालत्या गाडीत उभं राहून काढावी लागते, म्हणून ती पायाशीच ठेवा. रेल्वेत खालच्या बर्थवर, डोकं खिडकीकडे ठेवून बदला; वाटेच्या बाजूला माणसांचे धक्के बसतात. विमानात बाळाचं दूध आणि खाणं १०० मिलीच्या मर्यादेबाहेर नेऊ देतात, फक्त तपासणीत ते वेगळं काढून दाखवावं लागतं. म्हणून ते वरच ठेवा.

बॅग उघडली की पलंग होतो अशी मिळते. घ्यावी का?

नको. त्या सांगाड्याने बॅग जड होते, सामानाची जागा कमी होते, आणि आतली गादी मऊ व मध्ये खोलगट असते. लहान बाळाला कडक, सपाट गादीवर पाठीवर झोपवायचं असतं. बॅगेवरचं यूएसबी भोक म्हणजे फक्त आतून बाहेर आणलेली वायर, पॉवर बँक वेगळी घ्यावीच लागते. बाबागाडीच्या दांड्याला बॅग अडकवण्याच्या हुकांबद्दल मात्र सावध राहा: बाळाला उचललं की पुढचं वजन जातं आणि गाडी मागे उलटते. बॅग खालच्या जाळीत ठेवा.

दुधाचा वास जात नाही. बॅग कशी धुवायची?

आधी गार पाण्याने. गरम पाण्याने दुधातली प्रथिनं कापडातच थिजतात आणि वास पक्का होतो. मग खायचा सोडा पाण्यात कालवून डागावर अर्धा तास, आणि मऊ ब्रशने सौम्य साबण. सगळ्या चेन उघड्या, बॅग आतून बाहेर उलटी करून हवेशीर जागी टांगा. फोम वरून कोरडा लागला तरी आत ओल राहते, आणि तिथूनच बुरशी धरते. बाटलीचा कप्पा काढता येणारा असेल तर हे काम निम्मं होतं.

बॅगेत काय कधीच ठेवू नये?

डांबरगोळ्या. बॅग किंवा बाळाचे कपडे ठेवलेल्या कपाटातसुद्धा नाही. त्यातल्या नॅफ्थलीनच्या वाफेने जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि कावीळ गंभीर होऊ शकते. ही कमतरता बाळात आहे की नाही हे बहुतेक घरांना माहीत नसतं. जुन्या पेटीतून काढलेली दुपटी धुऊन, उन्हात वाळवूनच वापरा. कापराची पुरचुंडीही नको. कापूर पोटात गेला तर बाळाला झटके येतात. नव्या बॅगेतली ओलावा शोषणारी छोटी पुडी आधी काढून टाका. मोठ्यांच्या गोळ्या, सुटी नाणी, बटणाएवढे सेल या बॅगेत नकोत. सात-आठ महिन्यांचं बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं.

सहा महिन्यांनंतर हीच बॅग चालेल का?

चालते. डायपर कमी लागतात, त्यांच्या जागी वाटी-चमचा, दोन लाळेरी, झाकणाचा कप आणि उकळून निववलेलं पाणी येतं. पातळ खाण्याला चार बाजूंनी लॉक होणारा, रबरी कडेचा स्टीलचा डबा घ्या आणि तो बॅगेत उभाच ठेवा. मऊ भात, वरण किंवा नाचणीची पेज उन्हाळ्यात दोन तासांत संपवायची. त्याहून लांब जायचं असेल तर भाजलेलं नाचणीचं पीठ कोरडं न्या आणि तिथे शिजवा. केळं नेत असाल तर डब्यात. बॅगेत चेपलेलं केळं निघालं की वरचं धुण्याचं उत्तर पुन्हा लागतं.